फ्लेक्सवरचे १४ टॉपर आणि तुझा तो एक मेसेज

पत्र:

नमस्कार ताई, मी २८ वर्षांचा आहे, कोपरखैरण्यात राहतो आणि नवी मुंबईत तीन ब्रँच असलेल्या एका क्लासचं मार्केटिंग बघतो. जेईई, नीट, सीईटी आणि आठवी-नववीची फाउंडेशन बॅच. यंदा आमच्या फ्लेक्सवर १४ टॉपरचे फोटो आहेत. त्यातले ५ जण खरोखर आमच्याकडे दोन वर्षं शिकले, ६ जणांनी शेवटी फक्त टेस्ट सिरीज घेतली आणि ३ जण एका रविवारच्या फ्री सेमिनारला आले होते, तिथे त्यांचा फोटो काढून ठेवला. वेबसाइटवर गेल्या जूनपासून 'फक्त ३ सीट शिल्लक' आहे. गुगलवरचे अर्धे रिव्ह्यू स्टाफचे. दहावीच्या मुलांच्या आईवडिलांच्या नंबरची एक एक्सेल शीट कुठूनतरी येते, कुठून ते विचारायचं नसतं.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. व्हॉट्सअॅपवर पाठवायला मी एक ओळ लिहिली होती: 'तुमचं मूल हुशार आहे. उद्या ते मागे पडलं तर चूक त्याची नसेल.' त्या ओळीवर सगळ्यात जास्त अॅडमिशन आल्या, मला १५ हजार इन्सेन्टिव्ह मिळाला. मागच्या महिन्यात एक काका आले, एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी आहेत. मुलगा नववीत. त्यांनी फोन काढून तो मेसेज मला दाखवला, म्हणाले हे वाचून झोप लागली नाही बघा, चूक माझी नको व्हायला. बायकोचं गंठण ठेवून ६० हजारांचा पहिला हप्ता भरला. मी रिसीट दिली.

सगळेच क्लास हे करतात. मग रेषा नक्की कुठे असते? नोकरी सोडावी तर घराचा हप्ता २३ हजार आहे आणि बायकोला सातवा महिना लागलाय.
– एक मार्केटिंगवाला

उत्तर:

अरे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा फ्लेक्सचं वाचून राग आला. दुसऱ्यांदा लक्षात आलं की फ्लेक्स, सीट, रिव्ह्यू, नंबर हे सगळं तू भरभर हजेरी घेतल्यासारखं उरकलंयस आणि खरं पत्र मेसेजपासून सुरू होतं. फ्लेक्स तुमच्या क्लासच्या मालक सरांनी ठरवला असणार, मेसेज तुझ्या डोक्यातून आला होता, म्हणून तो टोचतोय. त्याच्याकडे येतेच, पण आधी ती हजेरी मीही उरकते, कारण तिथे फार विचार करण्यासारखं काही नाहीये.

फ्लेक्सवर तुम्ही जे केलंय त्याच्यावर आता थेट नियम आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने खास कोचिंगच्या जाहिरातींसाठी गाइडलाइन काढल्या, ५० च्या वर मुलं असलेल्या क्लासला लागू, म्हणजे तुमची एक बॅच सुद्धा पुरेल. टॉपरचा फोटो लावायचा तर त्याचं नाव, रँक, त्याने नक्की कुठला कोर्स केला, किती दिवसांचा, पैसे भरून की फुकट, हे त्या फोटोबरोबर लिहायचं. त्याची लेखी परवानगी घ्यायची आणि ती पण निकाल लागल्यानंतर, अॅडमिशन फॉर्मच्या पाठीमागे बारीक अक्षरात आधीच घेऊन ठेवलेली चालत नाही. डिस्क्लेमर दाव्याएवढ्याच मोठ्या अक्षरात. हे सगळं आलं कशातून तर यूपीएससीच्या क्लासेसच्या जाहिरातींतून, निवड झालेल्यांचे ढीगभर फोटो छापायचे आणि चौकशी केली की कळायचं त्यातले बरेचसे फक्त फुकटच्या इंटरव्ह्यू गाइडन्सला येऊन गेलेत, पूर्व आणि मुख्य परीक्षा त्या बिचाऱ्यांनी दुसरीकडेच कुठेतरी नाहीतर घरी बसून काढलेली. गाइडलाइन आल्या त्या वेळेपर्यंत ४५ क्लासेसना नोटिसा गेल्या होत्या आणि १८ जणांना मिळून ५४ लाख ६० हजारांचा दंड झाला होता. तुझे सेमिनारवाले ३ जण म्हणजे हाच प्रकार, फक्त वाशी-नेरूळ एडिशन.

'फक्त ३ सीट' हा तर सरळ खोटा घाईचा प्रकार. ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नची, म्हणजे वेबसाइट-अॅपवर गिऱ्हाइकाला गंडवणाऱ्या युक्त्यांची, जी १३ प्रकारांची यादी सरकारने काढली त्यात पहिलाच नंबर ह्याचा आहे, आणि कोचिंगच्या गाइडलाइनमध्येही परत लिहिलंय. जागा खरंच ३ असतील तर बिनधास्त सांग, उलट सांगितलंच पाहिजे, लोकांना प्लॅनिंग करता येतं. पण वर्षभर तीनच उरतात अशी बॅच नसते, असा फक्त आकडा असतो. स्टाफचे रिव्ह्यू बंद कर, ह्यावर मी जास्त बोलत नाही. आणि ती एक्सेल शीट उघडूच नकोस. शाळेतून किंवा झेरॉक्सवाल्याकडून फुटलेले नंबर, त्यात १८ वर्षांखालच्या मुलांची नावं, २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत, मुलांच्या डेटाला पालकांची संमती लागणार आहे. वर तुमच्या क्लासच्या कॉलिंगवाल्या मुली स्वतःच्या साध्या १० आकडी नंबरवरून कॉल करतात ना? जाहिरातीच्या कॉलला १४० ने सुरू होणारी सिरीज वेगळी दिलीये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने. त्या पोरींचे नंबर उद्या ब्लॉक झाले की त्यांच्याच घरी फोन लागायचे नाहीत.

झाली हजेरी. आता तुझा प्रश्न, रेषा कुठे असते.

ह्यावर मी तुला एक माझीच गोष्ट सांगते कारण मी पण धुतल्या तांदळातली नाही. १९९८ ला मी ठाण्यात नौपाड्यात एका छोट्या एजन्सीत कॉपी लिहायचे. घोडबंदर रोडला तेव्हा सगळीकडे बिल्डिंगा उठत होत्या, आमच्याकडे एक बिल्डर आला, मानपाड्याजवळ प्रोजेक्ट. मी लिहिलं, 'ठाणे स्टेशनपासून फक्त १५ मिनिटं'. आणि मी प्रामाणिक ना, म्हणून मी आधी खात्री करून घेतली. रविवारी सकाळी साडेसहाला बिल्डरच्याच गाडीतून गेलो, घड्याळ लावून, १४ मिनिटं लागली. मी तर वर १ मिनिट वाढवून लिहिलं! खूप दिवस मला त्या गोष्टीचा अभिमान होता, मी लोकांना सांगायचे की मी न बघता काही लिहीत नाही म्हणून. मग दोन-अडीच वर्षांनी स्टेशनबाहेर टीएमटीच्या रांगेत एका बाईशी गप्पा झाल्या, हातात पोर, खांद्याला डबा, ऑफिसची पर्स, ती त्याच बिल्डिंगमधली निघाली. म्हणाली पेपरात १५ मिनिटं वाचलं होतं हो, रोजचे पाऊण तास आणि बसची वाट बघणं वेगळं. मी काही बोलले नाही. काय बोलणार, की बाई तुम्ही रविवारी सकाळी साडेसहाला गाडी घेऊन निघा?

आपल्याकडे ह्याला फार जुनं उदाहरण आहे. धर्मराज 'अश्वत्थामा मेला' हे मोठ्याने म्हणाला आणि 'नरो वा कुंजरो वा' हळू. वाक्य पूर्ण खरं होतं. पण द्रोणाचार्यांना ऐकू गेला तो पहिला अर्धाच भाग आणि सगळं युद्ध त्या अर्ध्यावर फिरलं. स्टार मार्क टाकून खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'अटी लागू' लिहिणारा जगातला पहिला कॉपीरायटर तोच म्हण ना. आणि गोष्ट सांगणाऱ्यांनी त्याला माफ केलेलं नाही हे पण बघ, जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या दिवशी खाली टेकला. म्हणजे 'मी खोटं कुठे बोललो' हा बचाव आपल्या लोकांना तेव्हापासून माहितीये आणि पटलेला नाहीये. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा पण हेच म्हणतो, महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवली तर ती जाहिरात दिशाभूल करणारीच धरतात, मग छापलेला शब्द न् शब्द खरा का असेना.

(घरांच्या जाहिरातींना आता महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर लागतो, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड पण लागतो, खोट्या जाहिरातीवर भरवसा ठेवून नुकसान झालं तर भरपाई मागता येते. पण मिनिटांवर अजून कुणी स्टॉपवॉच घेऊन बसलेलं नाहीये. उलवे-पनवेलच्या बाजूला तर विमानतळाच्या नावावर इतकी वर्षं फ्लॅट विकले गेले की पहिलं प्रवासी विमान २५ डिसेंबर २०२५ ला उडालं तोवर 'एअरपोर्टजवळ' म्हणून घर घेतलेल्या कितीतरी जणांची पोरं शाळेत जायला लागली असतील. असो.)

तर त्या टीएमटीच्या रांगेनंतर मी जी रेषा माझ्यापुरती आखली ती सांगते, तुला पटली तर घे. मी खरं की खोटं ह्याच्यावरून ठरवत नाही. समोरचा माणूस पैसे देण्याआधी स्वतः तपासू शकतो का, आणि चूक निघाली तर त्याला ती केवढ्याला पडते, ह्या दोन गोष्टी बघते. ठाण्यात तू कुठल्याही गल्लीत जा, 'महाराष्ट्रात एक नंबर मिसळ' अशी पाटी दिसेल, समोरासमोरच्या दोन दुकानांवर सुद्धा दिसेल, आणि कुणाचंच काही बिघडत नाही. कारण पहिल्या घासाला कळतं, नाही आवडली तर शंभरेक रुपये गेले, उद्या समोरच्याकडे. तिथे तू जितकी पतंगबाजी करशील तितकी कर, लोकांना पण मजा येते. पण घराला वीस वर्षांचा हप्ता असतो आणि पाणी मे महिन्यात किती वेळ येतं ते राहायला गेल्याशिवाय कळत नाही. औषधाचं तर पेशंटला कधीच कळत नाही, बरा झालो तो गोळीने की आपोआप. आणि क्लास? क्लास तर त्याहून अवघड, कारण तिथे मूल परत नववीत बसवून दुसऱ्या क्लासला घालून बघता येत नाही. एकच नववी असते. निकाल वाईट लागला तरी सगळे म्हणणार पोराने अभ्यास केला नाही. म्हणजे तुमचा माल खराब निघाला तरी त्याची तक्रार करायला कुणी उरत नाही, दोष आपोआप गिऱ्हाइकाच्या पोराच्या डोक्यावर. असा धंदा ज्याच्या हातात आहे त्याला मिसळवाल्याएवढी सूट नाही मिळत. समोरचा जितका जास्त तुझ्या शब्दावर टेकलेला, तितके तुझे शब्द कमी.

म्हणून 'नवी मुंबईतला सगळ्यात भारी क्लास' लिहिलंस तर मी काही तुझा कान धरणार नाही, तो मिसळीच्या पाटीचाच भाऊ आहे (नंबर १ लिहिलंस तर मात्र कशात नंबर १ आणि कुणी मोजलं ते दाखवायची तयारी ठेव). हसऱ्या मुलांचे फोटो, रील, सरांचं वीस वर्षं तेच चालू असलेलं भाषण, दिवाळीत डिस्काउंट, सगळं चालतं. जाहिरात म्हणजे लबाडीच असं म्हणणारे भेटतात, मला ते पटत नाही. माथाडी वसाहतीतल्या एखाद्या पोराला चांगला क्लास घरापासून चालत जायच्या अंतरावर आहे आणि त्यात अमुक परीक्षा दिली तर फी अर्धी होते हे तू सांगितलं नाहीस तर दुसरं कोण सांगणार आहे, त्याच्या घरात तर कुणाला माहिती नसतं. ते काम चांगलं आहे आणि तुला ते येतं.

आता तो मेसेज. 'तुमचं मूल हुशार आहे. उद्या ते मागे पडलं तर चूक त्याची नसेल.'

मला राग येऊ दे पण आधी एक धंद्यातली बाई म्हणून सांगते, ओळ जबरदस्त आहे. बारा शब्दांत पहिल्यांदा कौतुक, मग भीती, आणि चूक कोणाची हे लिहिलेलंच नाही, ते वाचणाऱ्याने स्वतः भरायचं, आणि वाचणारा प्रत्येक बाप तिथे स्वतःचं नाव भरतो. तू त्याला दोष दिलाच नाहीस, त्याने स्वतःला दिला. म्हणूनच ती चालली. आणि म्हणूनच तुला रात्री आठवते.

ह्यात खोटं काहीच नाहीये. तुला वाटतंय बेकायदेशीर पण काही नाही, पण तिथे जरा थांब. त्याच १३ प्रकारांच्या यादीत एक प्रकार आहे, माणसाच्या मनात भीती, लाज किंवा अपराधी भावना तयार करून त्याला विकत घ्यायला लावणं. त्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे तिकीट काढताना इन्शुरन्स नको म्हटलं की 'ठीक आहे, मी माझा प्रवास धोक्यात घालतो' असं बटण दाबायला लावतात ते. रोख वेबसाइटच्या बटणांवर आहे, तुझा व्हॉट्सअॅप मेसेज त्यात बसतो का नाही ह्यावर वकील भांडत बसतील. मला एवढंच दाखवायचंय की सरकारी कागद लिहिणाऱ्यांना सुद्धा हा प्रकार फसवणुकीच्या रांगेत बसवावासा वाटला.

तू म्हणशील भीती तर सगळेच वापरतात, हेल्मेटची जाहिरात भीतीच दाखवते, कॅन्सरची पण. बरोबर आहे. पण हेल्मेटवाल्याने रस्त्यावरचा खड्डा खणलेला नसतो. खड्डा तिथे होताच, तो फक्त म्हणतो डोकं सांभाळ, आणि हेल्मेट घातल्यावर डोकं खरंच वाचतं. तू त्या काकांच्या मनात खड्डा स्वतः खणलास आणि मग वर उभं राहून शिडी विकलीस. तो मेसेज यायच्या आधीच्या रात्री ते झोपले होते. पोरगा नववीत, शाळेत जातोय, बरे मार्क आहेत, बापाने पाठीवर गोणी वाहून त्याला इथवर आणलंय. मेसेज वाचल्यावर त्यांना मुलाबद्दल एक तरी नवीन गोष्ट कळली का? त्याचं गणित कच्चं आहे का, त्याला इंजिनिअरिंग तरी करायचंय का, क्लासमध्ये किती तास काय शिकवतात? काही नाही. फक्त आपण कमी पडतोय एवढं कळलं, आणि ते पण खरं नव्हतं. मला विचारशील तर भीतीच्या जाहिरातीला मी हाच एक प्रश्न लावते, वाचल्यावर माणूस जास्त शहाणा झाला की फक्त जास्त घाबरला.

आणि तू हे कुणाला पाठवलंस ते पण मोजावं लागतं रे. तीच ओळ पाम बीच रोडला राहणाऱ्या एखाद्या डॉक्टर आईला गेली तर ती बघेल, दोन क्लासची तुलना करेल, भावाला फोन लावेल जो आयआयटीत शिकलाय, आणि बहुतेक डिलीट करेल. काकांकडे फोन करायला कोणी नाही. त्यांच्यासाठी क्लासच्या नावाने आलेला मेसेज म्हणजे शाळेतून आलेली चिठ्ठी. ओळ सारखीच असली तरी वजन सारखं पडत नाही, आणि तुमच्या शीटमध्ये दोघांचे नंबर एकाखाली एक आहेत.

बरं, आता करायचं काय. राजीनामा सरांच्या टेबलावर आपट असं मी सांगणार नाहीये, दुसऱ्याच्या हप्त्यावर शूर व्हायला काही लागत नाही. सातव्या महिन्यात तर मुळीच नाही. पण ह्या पाच गोष्टी एका वजनाच्या नाहीत आणि सगळ्यांसाठी एकदम भांडायला गेलास तर सर सगळ्याच गोष्टींना नाही म्हणतील, म्हणून क्रम लाव.

तो मेसेज आजच बंद कर. तू लिहिलायस, तूच काढू शकतोस, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. सरांनी विचारलं तर सांग जुना झाला, नवीन लिहितो, आणि खरंच नवीन लिही. तुला जमतंय हे तू सिद्ध केलंयस. 'नववीत आहे? ह्या रविवारी १ तासाची टेस्ट द्या, फी नाही, कुठला धडा कच्चा आहे ते कागदावर लिहून देतो, क्लास लावा नाहीतर लावू नका.' माझी कॉपी आता गंजलीये, तू अजून चांगलं लिहिशील. एवढे फॉर्म नाही भरणार, हे मी तुला खोटं सांगणार नाही. थोडे कमी भरतील. पण टेस्ट देऊन आलेला बाप काय घेतोय ते बघून घेतो आणि अर्ध्यात पोराला काढून भांडत बसत नाही.

फ्लेक्स आणि सीटसाठी सरांकडे नीतिमत्ता घेऊन जाऊ नकोस. सरांना ती कळत नाही असं नाही, पण तीन ब्रँचचं भाडं डोक्यावर असलेल्या माणसाशी त्या भाषेत बोललं की तो लगेच वकील होतो. त्यांच्याशी आकड्यांत बोल. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, परत सापडलात तर ५० लाखांपर्यंत दंड, आणि तक्रार करायला कुणाला दिल्लीला जावं लागत नाही, १९१५ ला फोन लागतो. आणि तक्रार कोण करेल माहितीये? समोरचा क्लास करेल. त्याच्याकडे तुमच्या फ्लेक्सचा फोटो आधीच असेल, कारण त्या सेमिनारवाल्या तिघांपैकी एखादा बहुतेक त्याच्याकडेच शिकलाय! हे वाक्य सरांना नक्की ऐकव. सोबत दुसरा फ्लेक्स बनवूनच घेऊन जा. ५ जण मोठे, खाली 'दोन वर्षांचा क्लासरूम कोर्स'. ६ जण वेगळ्या रांगेत, खाली तेवढ्याच अक्षरात 'टेस्ट सिरीज'. टेस्ट सिरीज घेऊन पण पोरं चांगली रँक काढतात हे लपवण्यासारखं कुठे आहे, उलट टेस्ट सिरीज विकली जाईल. तिघे काढून टाक. अकरा लेखी परवानग्या फाइलला लाव. आणि हे सगळं तोंडी नको, भेटून आलास की संध्याकाळी एक साधा मेसेज टाक, सर आज बोलल्याप्रमाणे ह्या दुरुस्त्या सुचवल्यात. ते नाही म्हणाले तरी कागदावर राहू दे.

रिव्ह्यू आणि शीटच्या बाबतीत वाद नको, फक्त तुझा हात लावू नकोस. दुसरा कोणीतरी करेल, हो, करेलच. तू सगळा क्लास सुधारायला तिथे बसलेला नाहीयेस. खरे रिव्ह्यू हवे असतील तर रिसेप्शनला क्यूआर ठेव, निकालाच्या दिवशी पोरं पेढे घेऊन येतात तेव्हा म्हण लिहा काय वाटतं ते. पाच स्टार दिले तर टी-शर्ट असलं काही करू नकोस.

हे करून बघितलंस आणि तीन-चार महिन्यांत काहीच हललं नाही, वर तुझ्याच टार्गेटवरून बोलणी बसायला लागली, तर शांतपणे दुसरीकडे बघायला लाग, पगार चालू असताना. ठाणे-बेलापूर पट्ट्यात व्हॉट्सअॅप कॅम्पेन, लीड, कॉपी हे तिन्ही येणाऱ्या माणसाला काम आहे. हॉस्पिटल, मशीन बनवणारे, सॉफ्टवेअरवाले, सगळ्यांना मार्केटिंग लागतं. इंटरव्ह्यूमध्ये का सोडताय विचारलं तर सरळ टॉपरच्या फोटोचं सांग, कशाला लाजायचं, जिथे हे ऐकून तोंड वाकडं करतील तिथे तुला जायचंच नाहीये.

'सगळेच करतात' ह्याबद्दल एवढंच, की ९८ साली आम्ही पण सगळेच लिहायचो, १० मिनिटं, ७ मिनिटं, एकाने तर ५ मिनिटं लिहिलं होतं. रांगेत त्या बाईसमोर मात्र मी एकटीच उभी होते.

राहिले काका. तू त्यांना रिसीट दिलीस हे तू लिहिलंस आणि त्याच्यापुढे काही लिहिलं नाहीस. त्यांना स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाक, ते घेणार नाहीत आणि तुझ्याकडे आहेत कुठे. पण त्यांना फोन कर. ऑफिसच्या वेळात नको, मार्केट पहाटे सुरू होतं, दुपारनंतर घरी असतील तेव्हा. मुलाची टेस्ट घेऊ म्हण, कुठल्यातरी चांगल्या सरांना बसव आणि त्याला नववीत खरंच क्लासची गरज आहे का ते बघायला सांग. जानेवारी २०२४ ला शिक्षण मंत्रालयाने कोचिंगसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घेऊच नका असं लिहिलंय, म्हणजे तुमची अख्खी फाउंडेशन बॅचच त्या ओळीखाली येते. त्याच सूचनांमध्ये असंही आहे की मुलाने कोर्स अर्ध्यात सोडला तर उरलेल्या दिवसांची फी हिशेबाने १० दिवसांत परत करायची. ह्या सूचना आहेत, राज्यांनी लागू करायच्या, पोलीस येऊन पैसे काढून देणार नाहीत. तरी पण सरांच्या टेबलावर तो कागद ठेवून एका पालकाचे उरलेले पैसे मागता येतात, आणि एका पालकाचे म्हटलं की सर देतीलही, वाद वाढू नये म्हणून.

गरज निघाली, मुलालाही यायचं असलं, तर राहू दे त्याला. मग निदान पुढचे हप्ते छोटे करून घे, स्कॉलरशिपच्या टेस्टला बसव, आणि त्यांना सांग की काका, तो मेसेज वाचून तुम्हाला जे वाटलं ते खरं नव्हतं, तो मी लिहिला होता. हे सांगणं सगळ्यात जड जाईल, आणि ते कसं सांगायचं ते मला विचारू नकोस, मी त्या रांगेत तोंड उघडलं नव्हतं.

गंठण कुठे ठेवलंय, पतपेढीत की सावकाराकडे, ते पण विचार. सावकाराकडे असेल तर व्याज आधी बघावं लागेल, फी नंतर.

आणि नवीन फ्लेक्सचं डिझाइन झालं की मला पाठव. 'टेस्ट सिरीज' ह्या दोन शब्दांची साइज मी स्वतः पट्टी लावून मोजणार आहे.

तुझी,
ताई